पाणपोईवरचा पेला

उन्हाळा लागला की गावोगावी पाणपोया उभ्या राहतात. तहानलेल्याला पाणी पाजणे हे आपल्याकडे पुण्यकर्म मानतात, आणि ते योग्यच आहे. माठाला ओले फडके गुंडाळले जाते, सावलीसाठी मांडव घातला जातो. पण साखळीला बांधलेल्या एकुलत्या एका पेल्याकडे कोणाचे लक्ष नसते. दिवसभर त्याला किती ओठ लागले याची मोजदाद नाही.

शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेतही हेच चित्र होते. आगगाडीत, स्टेशनवर, शाळेत सर्वांसाठी एकच पेला असे. १९०८ साली प्रा. अॅल्विन डेव्हिसन यांनी शाळेतील असे पेले सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. त्यांवर जंतू आणि ओठांच्या त्वचेच्या मृत पेशींचा थर आढळला. १९०९ साली डॉ. सॅम्युएल क्रम्बाइन यांच्या पुढाकाराने कॅन्सस राज्याने सामाईक पेल्यावर बंदी घातली. १९१२ साली आंतरराज्य आगगाड्यांतूनही तो हद्दपार झाला. कागदी पेल्याचा प्रसार झाला तो याच चळवळीमुळे.

त्या काळी मुख्य भीती क्षयाची होती. आज आपल्याला माहीत आहे, की क्षय हवेतून पसरतो, भांड्यातून नव्हे. म्हणून क्षयरोग्याचे ताट-पेला वेगळा ठेवून त्याला दुखावण्याचे काही कारण नाही. मात्र घटसर्प, घशाचे विकार, ओठांवरचे नागिणीसारखे फोड यांचे जंतू लाळेतून पसरू शकतात. त्याहून मोठा धोका आहे तो हाताचा. पेला माठात बुडवताना बोटेही पाण्यात बुडतात. शौचाहून आल्यावर साबणाने न धुतलेला एक हात सबंध माठ दूषित करू शकतो. विषमज्वर, कावीळ, जुलाब यांना एवढी वाट पुरते.

मग कागदी पेले ठेवावेत का? माझे मत तसे नाही. २०२० साली खरगपूरच्या आयआयटीतील संशोधकांना असे आढळले, की कागदी पेल्यात गरम पेय पंधरा मिनिटे राहिल्यास आतल्या प्लॅस्टिकच्या अस्तराचे हजारो सूक्ष्म कण त्यात उतरतात. शिवाय कचरा वाढतो तो वेगळाच.

उपाय आपल्या घरातच आहे. लांब दांड्याचे ओगराळे माठात ठेवा, म्हणजे हात पाण्याला लागणार नाही. शक्य असेल तर तोटीचा माठ घ्या. जुनी माणसे ओठ न लावता वरून पाणी पितात, ती सवय मुलांना लावा. हा नियम मात्र सर्वांना सारखा हवा. जात पाहून वेगळा पेला ठेवणे हे आरोग्यशास्त्र नव्हे, तो अन्याय आहे.

पेले रोज साबणाने घासून उन्हात वाळवावेत. माठ दररोज रिकामा करून आतून घासावा. पाणी शुद्ध केलेलेच भरावे.

पाणपोई चालवणाऱ्या मंडळांना माझी एवढीच विनंती आहे, की मांडवावरच्या फलकाचा थोडा खर्च वाचवून एक ओगराळे आणि डझनभर स्टीलचे पेले घ्या. पाणी पाजल्याचे पुण्य तर मिळेलच, शिवाय पिणारा आजारीही पडणार नाही.