वाड्यातला बाळ्या

"कुळवृत्तांताचं काय झालं?" असं बऱ्याच जणांनी विचारलं, म्हणून हे लिहितोय. थोडं तांत्रिक आहे, पण नातेवाईक मंडळींनीही वाचावं.

डेटाबेसमधल्या दुबार नोंदी काढत होतो. 'व्यक्ती' टेबलात 1,164 माणसं, उडवायच्या नोंदींचे क्रमांक 'दुबार' टेबलात. एसक्यूएलला सांगितलं, 'दुबार'मधून व्यक्ती_क्र निवड आणि ज्यांचा व्यक्ती_क्र त्यात सापडेल त्यांना उडव. पण 'दुबार'मध्ये रकान्याचं नाव मीच जुना_क्र ठेवलं होतं. व्यक्ती_क्र तिथे नव्हताच!

मग एरर यायला हवी ना? छे! आतल्या क्वेरीला नाव सापडलं नाही, की एसक्यूएल गुपचूप बाहेरच्या क्वेरीत शोधतं. तिथे व्यक्ती_क्र होताच. म्हणजे प्रत्येक क्रमांकाची तुलना त्याच्या स्वतःशीच! 'दुबार'मध्ये एक ओळ जरी असली तरी उत्तर सगळ्यांसाठी 'हो'. सगळी 1,164 माणसं साफ.

आमच्या वाड्यात बाळ्या म्हणून हाक मारली आणि घरातला बाळ्या बाहेर गेलेला असला, की शेजारचा यायचा. पण तो निदान "काकू, मी जोश्यांचा" म्हणायचा.

यावर एका मित्राचं म्हणणं, "हे स्टँडर्डप्रमाणेच आहे. दुबार.व्यक्ती_क्र लिहिलं असतंस तर तिथल्या तिथे एरर आली असती." खरंय. आधी सिलेक्ट करून बघितलं नाही, ट्रान्झॅक्शन लावलं नाही, तो गाढवपणा माझाच. बाहेरचा रकाना आत मिळूच नये असंही मी म्हणत नाही. 'प्रत्येक शाखेतलं सर्वांत थोरलं माणूस कोण' हे विचारायला तो कामी येतोच. पण बाहेरचं हवं असेल तर तसं तोंडाने मागायला लावा की! सॅनिटीच्या ग्रॉक भाषेत आतून बाहेरच्या नोंदीचं नाव घ्यायचं तर आधी ^ लावावं लागतं, आजोबा हवे तर ^.^ असं दोनदा. चार पातळ्या खाली गेलं की ^ मोजताना डोकं फिरतं, ते वेगळं. पण वाचणाऱ्याला कळतं की हे घरातलं नव्हे. एसक्यूएलमध्ये ही शिस्त ऐच्छिक, आणि ऐच्छिक शिस्त रात्री साडेअकराला कोण पाळतो?

असो. बॅकअप गणपतीतला मिळाला. त्यानंतर आक्काआत्याने फोनवर सांगितलेली 43 नावं, तिच्या माहेरची सगळी, गेली. आता तिला विचारता येणार नाही. तिने तुमच्यापैकी कुणाला काही सांगितलं असेल तर कळवा. नुसतं नाव आणि गाव आठवत असलं तरी चालेल.