उमेदवारीचे दिवस

'उमेद' म्हणजे आशा. या फारसी शब्दावरून मराठीत 'उमेदवार' आला. पूर्वी एखाद्या कचेरीत पुढेमागे नोकरी लागेल या आशेवर बिनपगारी राबणाऱ्या तरुणाला उमेदवार म्हणत. आज 'शिकाऊ उमेदवार' हा शब्द कायद्यात जाऊन बसला आहे. परंतु त्याच्या वाट्याला आशा किती येते आणि नुसते राबणे किती, हा प्रश्न अजून सुटलेला नाही.

स्वातंत्र्यानंतर कारखानदारी वाढू लागली, तेव्हा कुशल कारागिरांची उणीव भासू लागली. कारागीर प्रशिक्षणाची राष्ट्रीय योजना १९५० साली सुरू झाली आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्था, म्हणजे सर्वांच्या परिचयाच्या आय.टी.आय., तिच्यातून उभ्या राहिल्या. १९६१ साली शिकाऊ उमेदवारीचा कायदा झाला. संस्थेत हत्यार धरायला शिकायचे आणि कारखान्यात प्रत्यक्ष कामावर हात बसवायचा, अशी ही मूळ कल्पना. ती आजही योग्यच आहे. पोहण्याचे नियम काठावर समजावता येतात, पण पोहणे पाण्यातच येते.

अडचण निराळीच होती. संस्थेतील यंत्रे जुनी होत गेली आणि कारखान्यातील यंत्रे बदलत गेली. जो शिकवतो त्याला कारखान्याची गरज ठाऊक नाही आणि जो काम देतो त्याला अभ्यासक्रमात शब्द नाही, अशी स्थिती झाली. तीवर उपाय म्हणून केंद्र सरकारने २००७-०८ मध्ये १,३९६ शासकीय आय.टी.आय. सुधारण्याची योजना आखली. प्रत्येक संस्थेला एक उद्योग भागीदार जोडून द्यायचा, त्याच्या प्रतिनिधीला व्यवस्थापन समितीचे अध्यक्षपद द्यायचे आणि संस्थेला अडीच कोटी रुपयांपर्यंत बिनव्याजी कर्ज द्यायचे, असे तिचे स्वरूप होते. विचार चांगला होता. तथापि पैशाने यंत्र विकत घेता येते. समितीच्या बैठकीला वेळेवर येणारा, मुलांना आपल्या कारखान्यात उभे राहू देणारा उद्योजक विकत मिळत नाही. महाविद्यालयांच्या सामंजस्य करारांचेही तेच आहे. सह्या होतात, पुष्पगुच्छ दिले जातात, छायाचित्र भिंतीवर लागते. त्या करारामुळे किती मुलांनी कारखान्यात काम शिकले आणि वर्षभरानंतर त्यांपैकी किती जण कोणत्या वेतनावर कामावर होते, हे मात्र त्या भिंतीवर कोणी लिहीत नाही. खरे तर तेच लिहायला हवे.

जर्मनीत ही भागीदारी अधिक पक्की आहे. तेथे १९६९ च्या कायद्याने तिला चौकट दिली. उमेदवार आठवड्यातले तीन-चार दिवस कारखान्यात किंवा दुकानात काम शिकतो, उरलेले दिवस व्यवसायशाळेत जातो आणि दोन ते साडेतीन वर्षे त्याला मालकाकडून विद्यावेतन मिळते. यातील सर्वांत मोलाची गोष्ट सहसा सांगितली जात नाही. अखेरची परीक्षा त्याचा मालक घेत नाही. ती उद्योग-व्यापार किंवा कारागीर मंडळाची परीक्षा समिती घेते आणि त्या समितीत मालक, कामगार आणि शिक्षक असे तिन्ही बाजूंचे लोक असतात. त्यामुळे मिळालेले प्रमाणपत्र देशात सर्वत्र चालते. एकट्या मालकाच्या हाती शिक्षण सोपवले, तर तो त्याच्या यंत्रापुरते शिकवणार. त्यात त्याचा दोषही नाही. ते यंत्र भंगारात गेले की माणूसही निरुपयोगी ठरू नये, हे पाहणे शिक्षणसंस्थेचे काम आहे.

आपल्याकडे आता तीस किंवा अधिक मनुष्यबळ असलेल्या आस्थापनेला त्या संख्येच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. पण कायद्याने उमेदवार हा कामगार नसून प्रशिक्षणार्थी आहे आणि प्रशिक्षण संपल्यावर त्याला नोकरी देण्याचे बंधन मालकावर नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली उत्तर प्रदेशच्या एका प्रकरणात सांगितले, की इतर गोष्टी समान असतील, तर प्रशिक्षित उमेदवाराला बाहेरच्या उमेदवारापेक्षा प्राधान्य द्यावे. २०१४ च्या दुरुस्तीने अशा उमेदवारांच्या भरतीबाबत प्रत्येक मालकाने आपले धोरण ठरवावे, असे म्हटले. धोरण ठरवावे, एवढेच! एक तुकडी गेली की दुसरी आणायची आणि कायम कामगाराची जागा रिकामीच ठेवायची, ही पळवाट त्यातून बंद होत नाही. जो कारखाना वर्षानुवर्षे उमेदवार घेतो आणि त्यांतला एकही कामावर ठेवत नाही, त्याला भागीदार म्हणण्याचे महाविद्यालयांनी थांबवावे.

आणखी एक वर्ग या साऱ्या व्यवस्थेच्या बाहेरच राहतो. महाविद्यालयात मुलाखती घ्यायला येणाऱ्या कंपन्या शेवटच्या वर्षाच्या हुशार मुलांना निवडून नेतात. ज्यांना नोकरी बहुधा कुठेही मिळाली असती, त्यांनाच ती आधी मिळते. मुंबईतील १९८२ च्या संपानंतर हजारो गिरणी कामगारांचे काम गेले. त्यांच्या हातात कसब होते, पण तो हात दुसऱ्या कोणत्या यंत्रावर चालेल, हे सांगणारी आणि शिकवणारी संस्था त्यांच्या दारी आली नाही. आज चाळिशीतला गवंडी, घर सांभाळून शिवणकाम करणारी स्त्री किंवा शाळा अर्धवट सुटलेला रंगारी यांची स्थिती फारशी वेगळी नाही. दिवसभराच्या वर्गात बसले तर त्यांची रोजी बुडते.

अशा माणसांच्या अंगी असलेले कसब तपासून प्रमाणित करण्याची सोय २०१५ पासून प्रधानमंत्री कौशल विकास योजनेत झाली आहे. पण त्या प्रमाणपत्राला किंमत द्यायची ती काम देणाऱ्याने. म्हणून परिसरातले ठेकेदार, गॅरेजवाले, रुग्णालये आणि छोटे कारखानदार यांना महाविद्यालयाने आधी बोलावले पाहिजे, माणसात कोणते कसब हवे आणि त्याला किती वेतन देणार हे त्यांच्याकडून लिहून घेतले पाहिजे आणि मगच वर्ग काढला पाहिजे. संध्याकाळी सहानंतर बहुतेक महाविद्यालयांच्या कार्यशाळांना कुलूप असते. वर्ग तेथे, त्याच वेळी भरू शकतो.