चौथीच्या वर्गाला तुमचा धंदा समजावून सांगता येतो का?



समजा, गावातल्या शाळेतून फोन आला. "मुलांना वेगवेगळ्या कामांची ओळख करून द्यायची आहे. अर्धा तास येता का?" आपलं उत्तर ठरलेलं असतं. "अहो बाई, माझं काम टेक्निकल. लहान मुलांना काय कळणार? एखाद्या डॉक्टरांना बोलवा."

माझं मत याच्या अगदी उलट आहे. जा. हातातलं काम बाजूला ठेवून जा. त्यात मुलांचा फायदा आहेच, पण तुमच्या धंद्याचाही आहे. कसा, ते सांगतो.

मी पहिल्यांदा आपटलो

अलिबाग तालुक्यातली छोटी शाळा. तिसरी आणि चौथी एकाच खोलीत. मी लॅपटॉप घेऊन गेलो, २२ स्लाइड तयार. 'उद्योजक म्हणजे काय', 'करिअरच्या संधी', सगळं अगदी रंगीत. पाचव्या मिनिटाला मागची मुलं एकमेकांच्या पाठीवर बोटाने अक्षरं काढून ओळखायचा खेळ खेळत होती. शेवटी बाईंनी टाळ्या वाजवायला सांगितल्या, म्हणून टाळ्या पडल्या.

दुसऱ्या वर्षी मी हुशार झालो. स्वतः बोललोच नाही. माझ्या बॅचमधल्या एका फ्रिज-एसी दुरुस्त करणाऱ्या भावाला सोबत नेलं. नागाव, किहीम बाजूच्या कॉटेजवाल्यांची कामं करतो तो. लॅपटॉप घरीच. पिशवीत तीन वस्तू: सॅनिटायझरची बाटली, तांब्याच्या पाइपचा तुकडा आणि गंजून भुगा झालेली एसीची जाळी.

वस्तू न्या, व्याख्या नको

त्याने प्रत्येकाच्या हाताच्या मागच्या बाजूला सॅनिटायझरचा एकेक थेंब टाकला आणि म्हणाला, "फुंका." सगळा वर्ग ओरडला, "गार लागतंय!"

"थेंब कुठे गेला?"

"उडाला!"

"उडताना तुमच्या हाताची गरमी घेऊन उडाला. फ्रिजमध्ये हेच होतं. पाइपातला गॅस आतली गरमी उचलतो आणि मागे नेऊन टाकतो. म्हणून फ्रिजची मागची बाजू गरम लागते. फ्रिज थंडी बनवत नाही, गरमी बाहेर काढतो. आणि ते काढणं बंद पडलं, की मला फोन येतो."

बघा, मोजून सात-आठ वाक्यं. ज्या मुलांच्या घरी मासळी बर्फात ठेवतात, त्यांना गारवा म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागत नाही. तुम्ही तुमच्या गिऱ्हाइकाला तुमचं काम इतक्या कमी शब्दांत सांगू शकता का? आपण 'कॉम्प्रेसर', 'गॅस चार्जिंग', 'पीसीबी' असे शब्द फेकतो. गिऱ्हाईक मान डोलावतं आणि मनात म्हणतं, हा फसवतोय. मुलं मान डोलावत नाहीत, सरळ खेळायला लागतात. म्हणून मी म्हणतो, यापेक्षा चांगली आणि फुकट परीक्षा दुसरी नाही.

'इथेच का' हे सांगा

आपल्या किनाऱ्यावरच्या मुलांच्या डोक्यात एक गोष्ट घट्ट बसली आहे: टेक्निकल काम म्हणजे मुंबई, नाहीतर पनवेल. इथे राहिलं तर काहीच नाही. ही समजूत मोडायची असेल, तर 'हे काम इथेच का चालतं' ते सांगा.

अलिबागची चुंबकीय वेधशाळाच घ्या. कितीतरी मुलं तिच्यावरून ये-जा करतात. ती इथे का आली? पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी आधी मुंबईत कुलाब्याला होत होती. शहरात विजेच्या ट्राम येणार असं ठरलं. त्या विजेने मोजमाप बिघडणार, म्हणून काम अलिबागला हलवलं. १९०४ पासून इथे मोजणी चालू आहे, आणि मुंबईत विजेची ट्राम धावली १९०७ साली. इमारतसुद्धा चुंबक ज्याला ओढत नाही अशा सामानाने बांधली. म्हणजे मुंबईत जे जमणार नव्हतं, ते काम अलिबागने केलं! हे ऐकल्यावर मुलं नुसती बघत राहतात.

आमच्या मेकॅनिकने गंजलेली जाळी वर धरली. "ही समुद्राच्या खाऱ्या हवेने खाल्ली. पुण्यात एसी लवकर असा होत नाही. म्हणून इथे माझ्यासारखा माणूस लागतोच." मी मागे बसून ऐकत होतो. इतकी चांगली ओळख त्याने आपल्या कार्डावरही छापली नव्हती.

मग तो प्रश्न आला

पुढच्या बाकावरची एक मुलगी उठली. "काका, आई म्हणते अभ्यास नाही केला, तर हातात पाना येतो. तुम्ही अभ्यास नव्हता केला का?"

बाई ओशाळल्या. मीही खाली बघितलं. त्याचा चेहरा क्षणभर उतरला. मग तो हसून म्हणाला, "बाळा, मी आयटीआयला दोन वर्षं हेच शिकलो. आणि अजून शिकतोय. आधीच्या एसींमध्ये आर-२२ गॅस असायचा. तो आभाळातल्या ओझोनला खातो, म्हणून बंद होत चाललाय. आता आर-३२ येतो. त्याचा दाब जास्त, आणि तो पेटू शकतो. अभ्यास नाही केला, तर माझा हात भाजेल. पाना हातात आला, म्हणून वही सुटली नाही माझी."

मित्रांनो, हा प्रश्न त्या मुलीचा नव्हता. तो आपल्या सगळ्यांच्या घरातला आहे. आपणच 'मी काय, साधा मेकॅनिक' म्हणतो. आपणच मुलाला ओरडताना गॅरेजची भीती घालतो. आणि पुन्हा आपणच म्हणतो, हाताखाली कामाला पोरं मिळत नाहीत! मिळतील कशी? नऊ वर्षांच्या वयातच त्यांना सांगून झालंय की हे हरलेल्यांचं काम.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, तेव्हा आपल्या किनाऱ्यावर कितीतरी गावं अनेक दिवस अंधारात होती. त्या दिवसांत गावाने कोणाची वाट बघितली, आठवा. खांबावर चढणाऱ्या वायरमनची. पंप चालू करून देणाऱ्याची. तेव्हा कोणी त्यांची मार्कलिस्ट विचारली नाही.

हिशेब लपवू नका

"किती पैसे मिळतात?" हा प्रश्न येणारच. 'भरपूर' म्हणून टाळू नका, आणि फुगवून तर मुळीच सांगू नका. एका कामाचा हिशेब फळ्यावर मांडा. त्याने मांडला: सर्व्हिसिंगचे ६०० रुपये. वजा पेट्रोल ८०, वजा मदतनीस १५०, वजा सामान ७०. मुलांनी वजाबाकी करून उत्तर दिलं, ३००.

तेवढ्यात एक पोरगा म्हणाला, "आणि परत जावं लागलं तर?"

खडू त्याच्या हातात तसाच राहिला. काही कामांना त्याला दुसऱ्यांदा जावं लागतं, आणि त्या फेरीचे पैसे त्याने कधी धरलेच नव्हते. मी ट्रेनिंगमध्ये त्याला कॉस्टिंग दोनदा शिकवलं होतं. डोक्यात शिरलं ते चौथीच्या पोराने विचारल्यावर! त्याच महिन्यात त्याने दर बदलले.

जाताना एवढं पाळा

कार्ड वाटू नका, दुकानाचं नाव असलेल्या पेन्सिली वाटू नका. तो वर्ग आहे, बाजार नाही. बोलायची दहा मिनिटं आणि प्रश्नांची वीस. धारदार किंवा विजेचं काही मुलांच्या हातात देऊ नका. तुमची एक चूक जरूर सांगा, मुलांचा विश्वास तिथे बसतो. आणि 'मोठं होऊन माझ्यासारखे व्हा' म्हणू नका. काय व्हायचं ते त्यांचं ती ठरवतील. तुम्ही फक्त एक दार उघडं आहे एवढं दाखवा.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवून स्थानिक कारागिरांकडे काम बघायची कल्पना मांडलेली आहे. पण फोनची वाट कशाला बघायची? जवळच्या शाळेत जाऊन स्वतःच विचारा, "बाई, अर्धा तास देता का?"

त्याआधी आज रात्री एक करा. घरातल्या सगळ्यात लहान मुलाला समोर बसवा आणि तुमचा धंदा पाच वाक्यांत सांगा. तो उठून पळाला, तर समजा तयारी बाकी आहे. त्याने उलट प्रश्न विचारला, तर तो वहीत लिहून ठेवा. उद्या तोच प्रश्न एखादं गिऱ्हाईक विचारणार आहे.