नांव भागीदाराचें, काम मजुराचें

‘तुम्ही चाकर नाहीं, स्वतंत्र धंदेवाले आहां’ असें कोणी म्हणूं लागला कीं आपली मान ताठ होते. आम्हांस मात्र अशा मानाची धास्ती वाटते. गांवचा सुतार खरोखर स्वतंत्र: वांकस त्याचा, करवत त्याची, दहा घरचें काम त्याचें, एका घरीं बिनसलें तर नऊ घरें उरलींच. (बलुत्याची लाचारी हा निराळा विषय, तो येथें नको.) पण हजारीवर विड्या वळणारी बाई? पान मालकाचें, तंबाखू मालकाची, विडीचा आकार ठरविणार मालक, आणि नापसंत ती ‘छाट’ म्हणून बाजूस काढणाराही तोच. तिचीं स्वतःचीं काय तीं बोटें! तिला कोणत्या तोंडानें व्यापारी म्हणावें?

हा प्रश्न न्यायालयांतही सहज सुटला नाहीं. 1960 सालीं नागपूरच्या एका विडी कारखान्यांतील माणसें कायद्याप्रमाणें कामगारच होत, असें सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें. येण्याजाण्याची मोकळीक होती खरी. पण दुपारनंतर येणारास काम मिळत नसे, आणि माल नाकारण्याचा हक्क मालकाकडे होता. पुढच्याच वर्षीं सिन्नरच्या कारखान्यांतील माणूस मात्र कामगार ठरला नाहीं. कां, तर तो मनास येईल तेव्हां येई व जाई! न्यायमूर्तींपैकीं एकाचें मत उलट पडलें, आणि आमच्या मतें तेंच खरें. पोटासाठीं वळाव्याच लागणाऱ्या विड्या सकाळीं वळल्या कीं दुपारीं, एवढ्यावरून माणूस धनी होत नाहीं. आणि दोन्ही खटल्यांत मागणें तरी केवढें? भरपगारी रजेचे थोडे दिवस!

1966 सालीं संसदेनें विडीकामगारांकरितां निराळा कायदा केला. घरीं माल नेऊन वळणारीही त्यांत कामगार ठरली, व मधल्या ठेकेदाराकडे बोट दाखवून मुख्य मालकास सुटतां येईना. मालक न्यायालयांत गेले. 1974 सालीं कायदा टिकला.

आतां तोच खेळ नव्या वेषांत आला आहे. आपलीं पोरें पुण्यामुंबईस मोटारसायकलवरून घरोघर जेवण पोंचवितात, व कंपनी त्यांस ‘भागीदार’ म्हणते. कसला भागीदार! दर कंपनी ठरविणार, गिऱ्हाईक कंपनी देणार, आणि मर्जी फिरली कीं खातें बंद. पेट्रोल आणि पाऊस तेवढा पोराच्या वांट्याचा. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेनें, अशा कंपन्यांनीं उलाढालीचा शेंकडा 1 ते 2 हिस्सा या लोकांच्या कल्याणासाठीं द्यावा, असें लिहिलें. पण व्याख्या करतांना त्यांस मालक-नोकर नात्याच्या बाहेरच बसविलें. हिस्सा मिळेल तो अवश्य घ्यावा, पण त्याच्या मोबदल्यांत कामगारपण सोडूं नये.

मोबाईलवर ‘मान्य’ म्हणून अंगठा दाबण्यापूर्वीं पोरांनीं तो मजकूर कोणाकडून तरी समजून घ्यावा. दर कोण ठरवितो, काम नाकारलें तर काय होतें, दंड कोण करतो, एवढें विचारावें. शाळा सुटल्यावर कोणी आणला तर, मजकूर इंग्रजी असला तरी, आम्ही बसून वाचून दाखवूं.