जुने विज्ञानपट: प्रत वाचली तरी घरापर्यंत पोहोचणार का?

उत्तर दिल्लीतील हिंदूराव हा परिसर बैजाबाई शिंदे यांचे बंधू हिंदूराव घाटगे यांच्या नावाने ओळखला जातो. दिल्ली विद्यापीठाजवळच्या या भागात, राजधानीतील इतर वस्त्यांप्रमाणेच, ऐंशी आणि नव्वदच्या दशकांत चित्रपट घरी पोहोचत तो भाड्याच्या व्हिडिओ कॅसेटमधून. पुढे व्हीसीडी आणि डीव्हीडी आल्या. त्यांचा देशातील एक मोठा उत्पादक याच राजधानी क्षेत्रात होता. नोएडा परिसरात कारखाने असलेल्या मोझर बेअर कंपनीने २००७च्या सुमारास व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकण्यास प्रारंभ केला आणि चित्रपट विकत घेऊन घरी ठेवणे सामान्य कुटुंबाच्या आवाक्यात आले. पुढे बाजारपेठ आटत गेली. २०१८ मध्ये या कंपनीचे अवसायन करण्याचा आदेश निघाला.

ज्या दशकात भारतात डिस्कचा व्यवसाय लयाला गेला, त्याच दशकात जुन्या चित्रपटांच्या पुनरुज्जीवनाचे काम देशात प्रथमच मोठ्या प्रमाणावर सुरू झाले. चित्रपट वाचविण्याची यंत्रणा उभी राहत असताना तो प्रेक्षकाच्या घरी पोहोचविण्याची यंत्रणा मोडत गेली. या विसंगतीचा सर्वाधिक फटका ज्या चित्रपटांना बसण्याची शक्यता आहे, त्यांत जुने भारतीय विज्ञानपट अग्रभागी आहेत. त्यांच्या स्वच्छ, अखंड आणि अधिकृत प्रती घरी पाहता याव्यात, ही रसिकांची जुनी अपेक्षा आहे.

उपेक्षित परंपरा

भारतात विज्ञानपटांची परंपरा नाही, असा समज आहे. तो पूर्णतः खरा नाही. अदृश्य होणाऱ्या माणसाची कल्पना नानाभाई भट यांच्या १९५७च्या ‘मिस्टर एक्स’मध्ये अशोक कुमार यांनी, तर १९६४च्या ‘मिस्टर एक्स इन बॉम्बे’मध्ये किशोर कुमार यांनी पडद्यावर आणली. एम. जी. रामचंद्रन यांच्या ‘कलै अरसी’ या १९६३च्या तमिळ चित्रपटात परग्रहावरील माणसे पृथ्वीवर येतात. दारा सिंग यांचा ‘चाँद पर चढाई’ १९६७ मध्ये, म्हणजे मानवाचे पाऊल चंद्रावर पडण्याच्या दोन वर्षे आधी प्रदर्शित झाला. त्याच वर्षी एन. ए. अन्सारी यांचा ‘वहाँ के लोग’ आला. १९८७ मध्ये शेखर कपूर यांच्या ‘मिस्टर इंडिया’ने या प्रकाराला अफाट लोकप्रियता मिळवून दिली आणि १९९१च्या ‘आदित्य ३६९’ या तेलुगू चित्रपटाने कालयंत्राची सफर घडविली.

मराठी वाचकाला विज्ञानकथेचे आकर्षण नवे नाही. २०२५ मध्ये निधन झालेले डॉ. जयंत नारळीकर यांनी ती घरोघरी पोहोचविली. पडद्यावरील चमत्काराचा वारसा तर दादासाहेब फाळके यांच्यापर्यंत मागे जातो. त्यांच्या १९१९च्या ‘कालिया मर्दन’ची पुनरुज्जीवित प्रत २०२४ मध्ये गोव्यातील आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात दाखविण्यात आली. मात्र पौराणिक किंवा पुरस्कारप्राप्त चित्रपटांना वारसा म्हणून जो मान मिळतो, तो ‘चाँद पर चढाई’सारख्या करमणूकप्रधान चित्रपटाला मिळत नाही. असे चित्रपट बहुतेकांच्या पाहण्यात येतात ते निकृष्ट प्रतींतून. त्यांत चित्र पुसट असते, गाणी कापलेली असतात आणि कोपऱ्यात एखाद्या वाहिनीचे बोधचिन्ह कायमचे उमटलेले असते.

मूळ प्रतींचा प्रश्न

पुनरुज्जीवनाची सुरुवात मूळ निगेटिव्हपासून होते आणि अडचणीची सुरुवातही तेथूनच होते. १९५०च्या सुमारापर्यंत वापरली जाणारी नायट्रेट फिल्म अत्यंत ज्वालाग्राही होती. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात पूर्वीच्या प्रभात स्टुडिओच्या आवारातील साठ्याला लागलेल्या आगीत अनेक जुन्या चित्रपटांच्या नायट्रेट प्रती नष्ट झाल्या. नंतरची ॲसिटेट फिल्म आग धरत नाही. पण उष्ण आणि दमट हवेत ती कुजते, आक्रसते आणि तिला व्हिनेगरसारखा वास येऊ लागतो. रंगीत फिल्मचे रंग उडून चित्र लालसर होते. याखेरीज जुन्या प्रती चांदी काढण्यासाठी भंगारात विकण्याची प्रथा चित्रपट व्यवसायात दीर्घकाळ होती.

पुण्यात १९६४ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने, विशेषतः पी. के. नायर यांच्या कारकिर्दीत, जे हाती लागेल ते जमविले. तथापि प्रत्येक चित्रपटाची एक प्रत संग्रहालयात जमा केलीच पाहिजे, असे बंधन फ्रान्ससारख्या देशांत आहे. भारतात ते नाही. राष्ट्रीय पुरस्कार मिळविणाऱ्या चित्रपटांच्या प्रती येण्याची पद्धत असली, तरी दारा सिंग यांच्या चांद्रमोहिमेला असा पुरस्कार मिळण्याचा प्रश्नच नव्हता. ज्या चित्रपटांना प्रतिष्ठा नव्हती, त्यांच्या रक्षणाची तजवीजही नव्हती.

केंद्र सरकारने २०१४ मध्ये सुमारे ५९७ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय चित्रपट वारसा अभियानाला मंजुरी दिली. मार्च २०२२ मध्ये संग्रहालयाचे काम राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाकडे सोपविण्यात आले आणि त्याच वर्षी मे महिन्यात सुमारे २,२०० चित्रपटांच्या पुनरुज्जीवनासाठी ३६३ कोटी रुपयांची घोषणा झाली. मुंबईच्या फिल्म हेरिटेज फाउंडेशननेही ‘मंथन’ २०२४ मध्ये कान महोत्सवात आणि ‘शोले’ २०२५ मध्ये इटलीतील बोलोन्या येथे नव्या रूपात सादर केला. ‘मंथन’ची मूळ निगेटिव्ह पुण्याच्या संग्रहालयात सुरक्षित होती. ‘शोले’ची मूळ निगेटिव्ह मात्र अतिशय खराब झाली होती आणि त्यासाठी ब्रिटनमधील गोदामात सापडलेल्या सामग्रीचा आधार घ्यावा लागला. एवढ्या गाजलेल्या चित्रपटाची ही स्थिती असेल, तर कमी नावाजलेल्या चित्रपटांची कल्पना करता येते.

काय पुसावे, काय राखावे?

विज्ञानपटांच्या बाबतीत एक प्रश्न अधिक नाजूक आहे. एका सेकंदाला २४ चौकटी या हिशेबाने तीन तासांच्या चित्रपटात सुमारे दोन लाख ५९ हजार चौकटी असतात. प्रत्येक चौकटीवरील ओरखडे आणि धूळ संगणकाच्या साहाय्याने काढावी लागते. संगणकीय दृश्यपरिणाम येण्यापूर्वीचे चमत्कार मात्र फिल्मवरच घडविले जात. एकाच फिल्मवर दोनदा चित्रण करणे, एक दृश्य दुसऱ्यावर छापणे, वस्तू बारीक तारेने उचलणे अशा युक्त्यांवर सारा खेळ चाले. ‘मिस्टर इंडिया’मधील अदृश्य नायकामागे दृश्यपरिणामांचे जाणकार पीटर परेरा यांचे असेच कौशल्य होते.

दुहेरी छपाईमुळे अशा दृश्यांत मुळातच अधिक धूळ आणि रवाळपणा असतो. तो सरसकट पुसून टाकला, तर कारागिरीची खूणही पुसली जाते. दिसणारी तार काढून टाकली, तर चित्र सुबक होईल. पण १९६७ मध्ये प्रेक्षकांनी पाहिलेला चित्रपट तो राहणार नाही. काळाने केलेली हानी दूर करावी आणि निर्मात्यांच्या हातची मर्यादा तशीच ठेवावी, हे पुनरुज्जीवनाचे सर्वमान्य तत्त्व येथे कसोटीला लागते.

‘स्टार वॉर्स’चे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. १९९७ मध्ये जॉर्ज लुकास यांनी त्यात नवी संगणकीय दृश्ये घातली आणि पुढे बदललेली आवृत्तीच बाजारात राहिली. २००६ मध्ये मूळ आवृत्ती डीव्हीडीवर आली ती पुरवणी म्हणून आणि दुय्यम दर्जाची. रसिकांनी मूळ रूपाचा आग्रह सोडला नाही. जून २०२५ मध्ये ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने १९७७ची मूळ प्रत लंडनमध्ये दाखविली.

चिकाटीचे फळ

जागतिक अनुभव आशादायक आहे. फ्रित्झ लांग यांच्या १९२७च्या ‘मेट्रोपोलिस’चा मोठा भाग कायमचा हरवला असे मानले जात होते. २००८ मध्ये ब्युनॉस आयर्सच्या चित्रपट संग्रहालयात जवळजवळ संपूर्ण प्रत आढळली. फेब्रुवारी २०१० मध्ये पुनरुज्जीवित चित्रपट बर्लिनमध्ये दाखविला गेला आणि त्याच वर्षी तो डिस्कवरही आला. जॉर्ज मेलिएस यांच्या १९०२च्या चंद्रसफरीची हाताने रंगविलेली प्रत बार्सिलोनात सापडली आणि २०११ मध्ये कान येथे दाखविली गेली. तीही नंतर डिस्कवर उपलब्ध झाली. या दोन्ही उदाहरणांत महोत्सवातील प्रदर्शन हा शेवट नव्हता. घरी ठेवण्याजोगी प्रत ही त्यापुढील स्वाभाविक पायरी होती.

भारतात हीच पायरी निसटते. ‘आदित्य ३६९’ एप्रिल २०२५ मध्ये ४के स्वरूपात पुन्हा चित्रपटगृहांत आला आणि जुन्या विज्ञानपटाला आजही प्रेक्षक मिळू शकतो, हा विश्वास त्यातून दिसला. परंतु चित्रपटगृहातील खेळ काही दिवसांचा असतो. इंटरनेटवरील सेवांशी झालेले करार मुदतीचे असतात आणि मुदत संपली की चित्रपट यादीतून नाहीसा होतो. परदेशी डिस्क मागवावी, तर अमेरिकी ब्लू-रे ‘ए’ विभागाची आणि भारत ‘सी’ विभागात, हा अडथळा येतो. सत्यजित राय यांची ‘अपू’ चित्रत्रयी २०१५ मध्ये अमेरिकेत उत्कृष्ट स्वरूपात निघाली. पण भारतीय यंत्रावर ती चालेलच, असे नाही. ४के डिस्कला असे विभागीय बंधन नसते, हाच काय तो दिलासा.

हक्क संपले, अडचण उरली

कायद्याची बाजूही विचारात घेण्यासारखी आहे. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्रपटाचा हक्क प्रदर्शनानंतरच्या कॅलेंडर वर्षापासून ६० वर्षे टिकतो. या हिशेबाने ‘मिस्टर एक्स’चा हक्क २०१७च्या अखेरीस, ‘कलै अरसी’चा २०२३च्या आणि ‘मिस्टर एक्स इन बॉम्बे’चा २०२४च्या अखेरीस संपला. १९६७च्या दोन्ही हिंदी चित्रपटांची मुदत २०२७च्या अखेरीस संपते. गीत-संगीताचे हक्क स्वतंत्र असू शकतात, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

वरवर पाहता ही मुक्तता रसिकांच्या फायद्याची आहे. प्रत्यक्षात ती दुधारी ठरते. हक्क संपलेल्या चित्रपटावर खर्च करून स्वच्छ प्रत काढली, तरी तीच प्रत दुसऱ्या कोणी उतरवून विकली तर रोखणे कठीण. मग खासगी कंपनी पैसे गुंतविण्यास कचरते. दुसरीकडे, हक्क कोणाचाही नसला तरी निगेटिव्ह कोणाच्या तरी कपाटात असते आणि ती मिळाल्याशिवाय कायद्याने दिलेली मोकळीक कागदावरच राहते. म्हणूनच अशा चित्रपटांची जबाबदारी बाजारपेठेवर सोपविता येत नाही. सार्वजनिक निधीतून होणाऱ्या कामातच त्यांना स्थान मिळणे आवश्यक ठरते.

महामंडळाने पूर्वी ‘सिनेमाज ऑफ इंडिया’ या नावाने आपले चित्रपट डीव्हीडीवर आणले होते. प्रसार भारतीने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘वेव्हज’ ही इंटरनेट सेवा सुरू केली आहे. मार्ग अपरिचित नाहीत. सार्वजनिक पैशातून वाचविलेला प्रत्येक चित्रपट ठरावीक काळात मर्यादित आवृत्तीच्या डिस्कवर किंवा कायम उपलब्ध राहील अशा स्वरूपात नागरिकांसमोर यावा, असा नियम केल्यास अभियानाच्या खर्चाला खरा अर्थ येईल. पुनरुज्जीवनाच्या यादीत करमणूकप्रधान विज्ञानपटांना थोडी जागा राखून ठेवणेही अवघड नाही.

तोवर वेळ मात्र थांबणार नाही. ॲसिटेटचे कुजणे प्रत्येक उन्हाळ्याबरोबर पुढे सरकते. ‘चाँद पर चढाई’ आणि ‘वहाँ के लोग’ यांचे हक्क खुले होतील, तेव्हा त्यांची वापरण्याजोगी निगेटिव्ह शिल्लक असेल की नाही, हे आज होणाऱ्या शोधावर अवलंबून आहे.