निबंधाचा आरंभ शंकेपासून

आरंभ, मध्य व समारोप अशी तीन दालने पाडून, पहिल्यात एखादे सुभाषित टांगावे, मधल्यात मुद्दे भरावे आणि शेवटच्यात उपदेश करून मोकळे व्हावे, ही निबंधरचनेची जी रीत आपल्या शाळांतून मुलांच्या हाती दिली जाते, तिने वहीचे पान भरते खरे. परंतु विचार कसा करावा हे तिने कोणाला उमगले असेल, असे मुलांचे निबंध वाचण्यात बरीच वर्षे घालविल्यानंतर मला म्हणवत नाही.

‘निबंध’ म्हणजे एकत्र बांधणे. हेमाद्रीचा ‘चतुर्वर्गचिंतामणी’ किंवा कमलाकरभट्टांचा १६१२ सालचा ‘निर्णयसिंधु’ या धर्मशास्त्रावरील ग्रंथांना निबंधग्रंथ म्हणतात, ते विखुरलेली, पुष्कळदा परस्परविरुद्ध वचने एकत्र आणून त्यांचा निर्णय लावणारे ग्रंथ म्हणून. त्यामागे मीमांसकांची, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या शास्त्रकारांची, शिस्त होती: विषय, संशय, पूर्वपक्ष म्हणजे विरुद्ध मताची मांडणी, उत्तरपक्ष म्हणजे त्याला दिलेले उत्तर, आणि संगती म्हणजे मागच्यापुढच्याशी जुळणी. यातले संशयाचे स्थान पाहावे. विषयाच्या पाठोपाठ लगेच तो येतो, आणि पुढची सारी मांडणी त्यातून निघते. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ साली ‘निबंधमाला’ काढली, तिच्या ८४ अंकांतही प्रतिपक्ष सतत समोर उभा आहे. त्या प्रतिपक्षाला, विशेषतः जोतीराव फुल्यांना, शास्त्रीबोवांनी न्याय दिला नाही हे माझे स्पष्ट मत आहे, आणि पूर्वपक्ष प्रामाणिकपणे मांडला नाही तर समर्थ लेखणीचाही निबंध कसा लंगडा पडतो, याचा तो दाखला आहे.

हीच शिस्त शाळेतल्या निबंधाला लावून पाहण्यासाठी ‘आमच्या गावची विहीर’ हा विषय घ्या. त्यावर मुलगा ‘पाणी म्हणजे जीवन’ असे लिहून थबकतो, कारण त्याला सांगायचे असे काही सापडलेले नसते. त्यालाच ‘घरोघर नळ आल्यावर जुनी विहीर बुजवावी काय?’ असे विचारा. बुजवावी म्हणणाऱ्यांची कैफियत तो आधी पुरतेपणी लिहील: पाण्यावर शेवाळ साचले आहे, डास होतात, कठडा ढासळल्यामुळे लहान मूल आत पडण्याचे भय आहे. मग वैशाखात नळ कोरडा पडतो तेव्हा गुरांना पाणी कोठून पाजायचे, हा प्रश्न त्याला आपोआप सुचेल. तो आजीला विचारील, पायऱ्या मोजील, पाणी कोणत्या महिन्यात किती खाली जाते याचा तपशील मिळवील. कठडा बांधून वर जाळी बसवावी, गाळ उपसावा, या निर्णयापर्यंत तो पोहोचला की परिच्छेदांचा क्रम त्याला शिकवावा लागत नाही, कारण एका परिच्छेदात उरलेली शंकाच पुढचा परिच्छेद मागून घेते. प्रस्तावना त्याने सर्वांत शेवटी लिहावी. आपण कोठे पोहोचलो हे कळल्याविना वाचकाला कोणत्या वाटेने न्यायचे, हे त्याला तरी कसे ठाऊक असावे?

वर्णनात्मक निबंधाला शंकेपासून आरंभ करण्याची ही रीत जशीच्या तशी लागू पडणार नाही, हे मला मान्य आहे. पावसाळ्यातील एका दिवसात पूर्वपक्ष शोधण्याचे कारण नाही. पण तेथेही पाहिलेल्या दिवसातले नेमके काय मनात राहिले, हा प्रश्न मुलाने स्वतःला विचारलाच पाहिजे.

म्हणून प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांना माझी विनंती आहे की त्यांनी विषयांच्या यादीत निदान एक तरी विषय प्रश्नरूपाने द्यावा, आणि परीक्षकांनी गुणांचा एक हिस्सा विरुद्ध मत किती निष्ठेने मांडले आहे यासाठी राखून ठेवावा, मग मुलाचा निर्णय परीक्षकाला पटो वा न पटो.