तडजोड खेळाडूच्या जिवावर नको

ऑक्टोबर 2023 मध्ये पांढुर्णा आणि सौंसर हे तालुके मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यातून वेगळे निघाले आणि पांढुर्णा जिल्हा झाला. नव्या जिल्ह्यात आधी कलेक्टर कचेरी येते आणि पाठोपाठ खेळांच्या जिल्हा संघटनांचा विषय निघतो. बुद्धिबळात हा विषय मोठा आहे, कारण राज्य निवड स्पर्धेची आणि तिथून राष्ट्रीय स्पर्धेची वाट संघटनेच्या दारातूनच जाते. इथल्या जामसांवलीतल्या एखाद्या मुलीच्या घरी मराठी बोलत असतील, 2025 मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने महिला विश्वचषक जिंकल्याचा आनंद त्या घरालाही झाला असेल. पण ती मुलगी खेळणार मध्य प्रदेशाकडून. संघटनेत दोन तट पडले, तर तिचे वर्ष वाया जाणार.

तट पडण्यात नवल नाही. 1951 साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघातही ते पडले. अध्यक्ष पी. आर. वेंकटरामा राजा आणि सचिव भरतसिंह चौहान एकमेकांविरुद्ध उभे राहिले आणि प्रकरण न्यायालयात गेले. जानेवारी 2021 च्या निवडणुकीत संजय कपूर यांनी राजा यांना 33 विरुद्ध 31 मतांनी हरवले. सचिवपदासाठी चौहान यांना 35 मते मिळाली, तर महाराष्ट्राचे रवींद्र डोंगरे यांना 29. एकूण मते 64. अध्यक्षपदाच्या लढतीत एक मत इकडचे तिकडे झाले असते, तर बरोबरी झाली असती. इतक्या थोड्या फरकाने निकाल लागतो. वाद मिटत नाही.

तो मिटलाही नाही. तेव्हाच्या राष्ट्रीय क्रीडा संहितेनुसार पदावरच्या व्यक्तीला पुन्हा निवडून यायला दोन तृतीयांश मते लागत, म्हणजे 64 पैकी 43. या मुद्द्यावर दिल्ली उच्च न्यायालयाने जून 2022 मध्ये चौहान यांची निवड रद्द ठरवली. चेन्नईचे बुद्धिबळ ऑलिम्पियाड 28 जुलैला सुरू होणार होते. सर्वोच्च न्यायालयाने चौहान यांना 15 ऑगस्टपर्यंत काम पाहू दिले आणि स्पर्धा पार पडली. आमच्या मते ही तडजोड योग्य होती. तिला शेवटची तारीख होती आणि खेळ थांबला नाही. पण ऑलिम्पियाड दारात होते म्हणून इतक्या तातडीने सुनावणी झाली. सौंसरच्या पंधरा वर्षांखालील निवड स्पर्धेसाठी सर्वोच्च न्यायालय धावून येणार नाही. तिथली सोय तिथल्या घटनेतच करून ठेवावी लागेल.

सोय नसली की किंमत कोण मोजतो, हे दुसऱ्या एका प्रकरणातून दिसते. चेस प्लेअर्स असोसिएशन ऑफ इंडिया ही खेळाडूंची वेगळी संघटना निघाली, तिने स्पर्धा भरवल्या. महासंघाने त्या अनधिकृत ठरवल्या आणि तिथे खेळणाऱ्यांची एलो रेटिंग काढून टाकली. रेटिंग गेले म्हणजे वर्षानुवर्षांची मेहनत कागदावरून पुसली गेली. 2011 मध्ये तक्रार भारतीय स्पर्धा आयोगाकडे गेली. वर्चस्वाचा गैरवापर झाल्याचे सांगून आयोगाने 6.92 लाख रुपये दंड ठोठावला तो जुलै 2018 मध्ये. मध्ये सात वर्षे गेली! बारा वर्षांचा मुलगा तोवर एकोणीस वर्षांचा होतो आणि वयोगटाच्या बहुतेक स्पर्धा त्याच्या हातून निसटलेल्या असतात. पदाधिकारी हरला तर पुढच्या निवडणुकीला उभा राहू शकतो. मुलाला ती वर्षे परत मिळत नाहीत.

संघटना अडवते आणि खेळाडू न्याय मागत फिरतो, हे मराठी वाचकाला जुनेच आहे. 1976 मध्ये तेरा वर्षांच्या रोहिणी खाडिलकर पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळल्या, त्यावर गदारोळ झाला, प्रकरण उच्च न्यायालयात आणि फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेपर्यंत गेले. महिलांना राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धांपासून रोखता येणार नाही, असा निर्णय फिडेचे अध्यक्ष मॅक्स यूवे यांनी दिला. तो निर्णय पुढच्या सगळ्या मुलींच्या कामी आला, कारण तो तत्त्वाचा होता. रोहिणीताईंपुरती मेहेरबानी करून विषय मिटवला असता, तर पुढच्या मुलीला पुन्हा तेच दार ठोठावावे लागले असते.

2025 च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्याने क्रीडा न्यायाधिकरणाची आणि खेळाडूंच्या समितीची तरतूद केली, हे चांगलेच झाले. तरी जिल्ह्यातले भांडण आधी जिल्ह्यातच हाताळावे लागते. पांढुर्ण्यात क्रीडा संस्था नोंदवायची, तर ती सहसा मध्य प्रदेशच्या 1973 च्या सोसायटी कायद्याखाली. महाराष्ट्रातल्या धर्मादाय आयुक्तांकडच्या नोंदणीचा अनुभव इथे उपयोगी पडत नाही. नोंदणीसाठी घटना लिहावीच लागते, आणि बुद्धिबळ संघटनेची घटना लिहिताना काही गोष्टी स्पष्ट शब्दांत याव्यात. पदाधिकाऱ्यांचा वाद सुरू असतानाही प्रवेशिका स्वीकारल्या जातील आणि निवड फक्त पटावरच्या निकालाने होईल. दुसऱ्या गटाच्या स्पर्धेत खेळला म्हणून कुणा मुलावर बंदी येणार नाही. तदर्थ समिती नेमायची वेळ आली, तर तिच्या पहिल्याच ठरावात तिची अखेरची तारीख असेल. ती मुदत वाढवायची झाल्यास सर्वसाधारण सभेची मंजुरी लागेल. आणि कार्यकारिणीत दोन जागा खेळाडूंच्या किंवा त्यांच्या पालकांच्या असतील, मतदानाच्या हक्कासह. दोन्ही गट एका चटईवर बसतात तेव्हा समेटाचे पेढे वाटायची घाई असते, पदे निम्मी-निम्मी वाटून फोटोही निघतो. ही कलमे त्या दिवसाची वाट पाहत ठेवू नयेत. नोंदणीच्या अर्जासोबतच जावीत.